विसापर्यंत मोजायचं

दवाखान्यातून घरी जाताना तिनं औषधांच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली आणि एक मोठी सिरिंज, बारीक जाळीची गाळणी आणि बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्यासाठी दोन सेल घेतले. नवरा मागच्या सीटवर भोपळ्याएवढं तोंड घेऊन गप्प बसला होता. दुसरा इलाजच नव्हता. डॉक्टरांनी त्याचे दोन्ही जबडे कापून पुढे सरकवले होते, स्क्रूंनी पक्के केले होते आणि वरचे-खालचे दात रबरांनी बांधून टाकले होते. सहा आठवडे सगळं पातळ प्यायचं आणि बोलायचं ते पाटीवर लिहून.

हे सगळं कशापायी? तर झोपेत त्याचा श्वास अडकायचा. घोरता घोरता एकदम शांत. तो छापखान्यात रात्रपाळीला, म्हणून झोपायचा दिवसा, जाड पडदे ओढून. बायको त्याच खोलीत मशीनच्या छोट्या दिव्यावर लोकांचे कपडे शिवायची. घोरणं थांबलं की तिचं मशीन थांबायचं. ती मनात विसापर्यंत मोजायची आणि तरी श्वास आला नाही, तर उठून त्याचा खांदा हलवायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा, अकरा वर्षं. आपल्याला जेवणावरून दोनदा उठावं लागलं तर आपण घर डोक्यावर घेतो. या बाईनं कधी चकार शब्द काढला नाही, की कुणाचे कपडे उशिरा दिले नाहीत.

आता त्याला डोकं उंच ठेवून निजायचं होतं, म्हणून तिनं बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीला उशा लावल्या. मशीनही बाहेर आणलं. आतल्या खोलीतला पलंग रिकामा राहिला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याला जाग आली. पडदे ओढलेले, खोलीत मशीनच्या तेलाचा आणि औषधाचा वास. मशीन चालू होतं. आणि आतल्या खोलीत कुणीतरी घोरत होतं.

ते घोरणं त्यानं लगेच ओळखलं. डॉक्टरांना ऐकवायला तिनं ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. खालून खरखरत चढणारं, शेवटी शिट्टी मारणारं. ते त्याचंच होतं.

घोरणं थांबलं. मशीन थांबलं. बायकोचे ओठ हलत राहिले. मग ती उठून आत गेली. पलंग करकरला, बुडणारा माणूस पाण्यावर येऊन घेतो तसा एक मोठा श्वास ऐकू आला आणि घोरणं परत सुरू झालं. ती बाहेर आली आणि कामाला बसली, जशी काही दुधाखालचा गॅस बारीक करून आली.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. ओरडावं तर तोंड बांधलेलं. त्यानं पाटीवर लिहिलं, ‘आत कोण आहे?’

‘‘तुम्ही पडा हो,’’ ती म्हणाली. मग आवाज खाली आणून सांगायला लागली. ‘‘पहिल्या दिवशी मीही दुर्लक्ष केलं. म्हटलं, कानांना सवय लागली असेल. तुम्ही माझ्यासमोर छान श्वास घेत होतात... तरी चिमट्यावरचा आकडा उतरायला लागला. शहाण्णव... ऐंशी... बासष्ट. ओठ निळे पडले तुमचे. मग आत जाऊन हलवलं, तेव्हा आकडा वर चढला.’’

‘कुणाला हलवलं?’

‘‘पलंगावर काही दिसत नाही. पण हाताला खांदा लागतो.’’

डॉक्टरांना तिनं फोन केला होता. चिमटा सैल बसला असेल, असं ते म्हणाले होते. तेव्हापासून, म्हणजे तीन दिवस, तिनं डोळ्याला डोळा लावला नव्हता.

तो घाबरला, हे काय वेगळं सांगायला हवं? पण भीतीच्याही वर त्याचा ऊर भरून आला. केवढं काळीज या बाईचं! त्यानं लिहिलं, ‘तू झोप. मी मोजतो.’ ती नको नको म्हणत होती, आणि म्हणता म्हणताच मशीनवर डोकं टेकून झोपली.

थोड्या वेळानं घोरणं थांबलं. तो मोजू लागला. पंधराला आकडा ऐंशीच्या खाली गेला. विसाला तो भिंत धरत आत पोचला. अंधारात हात पुढे केला. खांदा लागला. रुंद, घामेजलेला. त्यानं हलवला. काही नाही. त्याच्या डोळ्यांपुढे अंधेरी आली. त्यानं जीव खाऊन परत हलवला... तेव्हा कुठे तो श्वास आला आणि त्याच्याबरोबर पाच थंड बोटांनी त्याचं मनगट आवळलं.

कसाबसा हात सोडवून तो बाहेर आला, तर ती जागी झालेली. त्यानं मनगट पुढे केलं. लाल वळ उठले होते. तिनं ते पाहिले, त्यावरून अंगठा फिरवला आणि आपल्या बाहीचं बटण काढलं.

तिच्या मनगटावर तसेच वळ होते. वळांवर वळ, जुने, काळे पडलेले. अकरा वर्षांत या गृहस्थानं तिचं मनगट एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

‘तीन दिवसांत एवढे?’ त्यानं लिहिलं.

‘‘नाही, पहिल्यापासूनचे,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटायचं, झोपेत तुम्हीच धरता. म्हणून कधी बोलले नाही... मग एकदा मोठा दिवा लावून पाहिलं. तुमचे दोन्ही हात उशीखाली होते.’’