रिकाम्या चौकोनातला आवाज

“द-दहा मिनिटं थांबलात तर ग-गरम मिळेल.”

बाबांची औषधं घेऊन परतताना मी सहज त्या बेकरीत शिरले होते. पिशवी उघडता उघडता माझा हात थबकला. हा आवाज... हा तर आमच्या घरी रोज ऐकू यायचा!

“पाव बनवायचे व्हिडिओ टाकणारे... तुम्हीच का ते?”

बेकरीवाला कानापर्यंत लाल झाला. “ट-टाकायचो.”

“आणि सगळे काढून टाकलेत! माझ्या ब्लॉगवर तुमचा एक व्हिडिओ लावला होता, तिथं आता नुसता करडा चौकोन उरलाय. वाचणाऱ्यांना काय सांगू, मांजरानं पळवला?”

तो हसला, आणि गालावरचं पीठ पुसायला जाऊन आणखीच फासून बसला. व्हिडिओखाली लोक त्याच्या बोलण्याची टिंगल करायचे. एकदा अगदीच जिवाला लागलं, म्हणून त्यानं सगळंच पुसून टाकलं होतं.

“प-पण तुम्ही तो ब्लॉगवर लावलात कशाला?”

मी फोन त्याच्यापुढे धरला. पक्षाघातानं बाबांची वाचा गेली, तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल लिहीत होते. पुन्हा बोलायला शिकवायला येणाऱ्या बाईंसमोर बाबा तोंड मिटून बसत. पण याचा व्हिडिओ लावला की त्याच्यामागोमाग एकेक शब्द जुळवू पाहत. त्या पोस्टमध्ये मी तोच जोडला होता.

त्यानं पोस्ट वाचली. वर सरकवून पुन्हा वाचली. मागे भट्टीतून वास यायला लागला, तरी गडी हलेना.

“अहो, करपतंय!”

“क-करपू दे.” मग हळूच, “मी घरी आलो तर... च-चालेल?”

रविवारी तो खरंच आला. बाबांच्या धड असलेल्या हातात त्यानं पिठाचा गोळा दिला. दोघं अडखळत, थांबत, हसत बोलत राहिले... कुणालाच कसली घाई नव्हती. आई दारातच उभी राहून डोळे पुसत होती.

मग तो दर रविवारी येऊ लागला. “बाबांसाठी येतो म्हणे,” आई पुटपुटली, “मग बघतो सारखा तुझ्याकडे कशाला गं?”

‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंच नाही. एका दुपारी तो म्हणाला, “न-नवा व्हिडिओ टाकलाय. बाबांबरोबरचा. लाव ना ब्लॉगवर.”

मी लिंक चिकटवली. पानावर व्हिडिओ उमटला, पण त्याचं डोकं वरून कापलेलं.

“थांब, चौकटीची उंची वाढवते.”

“च-चेहरा नाही दिसला तरी चालेल.”

“मला नाही चालणार,” मी बोलून गेले... आणि जीभ चावली.

त्यानं खुर्ची जवळ ओढली. “मला... म-मला तू...”

पुढचा शब्द मला ठाऊक होता. पण मी तो त्याच्याआधी बोलून टाकला नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

“...आ-आवडतेस.”

“मला पण,” म्हणत मी लॅपटॉप मिटला. पोस्ट त्या दिवशी काही गेली नाही. वाचणाऱ्यांनी काढली थोडी कळ!