चुन्याचं बोट

आंबी गावातल्या आमच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबावर जे फवारतात, त्याला सगळे औषधच म्हणतात. मी, सुहास, तिथला सुपरवायझर. फवारणीनंतर चोवीस तास आत जाऊ नये, असं डब्यावर छापलेलं असतं. पण कळी उमलली की माल गेला, म्हणून दोन तासांतच मी बायकांना तोडणीला आत घ्यायचो. सगळ्यांच्या पुढे मीच असायचो, आणि त्याचा मला तोरा होता.

फवारणी श्रीपतीआबा करायचे. काम संपलं की तंबाखूला चुना लावून तेच बोट दाराच्या खांबावर टेकवायचे. म्हणजे पानं ओली आहेत, येऊ नका. चोवीस तासांनी स्वतः पुसायचे. मी त्याआधीच रुमालाने पुसून टाकायचो, वर त्यांची थट्टाही करायचो. दिवाळीत आबा रक्ताच्या कॅन्सरने गेले. औषधामुळेच गेले असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. मला तेवढी पळवाट पुरली.

जानेवारीत एका मेडिकल कॉलेजची माणसं बायकांचं रक्त तपासायला घेऊन गेली. तोडणीवरच्या चंपाच्या पांढऱ्या पेशी निघाल्या अठ्ठावीसशे. चार हजारांच्या वर हव्यात.

"प्रतिकारशक्ती उतरलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओल्या पानांपासून लांब राहा. तीन महिन्यांत आकडा चढला नाही, तर हाडातला मगज तपासावा लागेल."

चंपाने माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे. व्हॅलेंटाइनचा माल तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, आबांच्या जागी आलेल्या बजरंगने फवारणी उरकली. बजरंग तंबाखू खात नाही. तरी अकराला मी गेलो, तर खांबावर पांढरं बोट होतं.

मी पुसलं. दार सरकवायला गेलो, हलेना. कुलूप नव्हतं. रुळाला तेल घातलं, चौघांनी जोर लावला. आतून तंबाखूवर थाप मारल्यासारखा आवाज आला. वळून पाहिलं, तर बोट पुन्हा खांबावर.

दुसऱ्या सकाळी बरोबर नऊला बोट नव्हतं, आणि दार एका हाताने सरकलं. थंडीने रूळ आखडला असेल, असं मी मालकांना सांगितलं.

दहा फेब्रुवारीला पुन्हा तेच. मालक राजेंद्रशेठ फोनवर ओरडले, "कागद फाडा आणि बायका आत घाला!"

मी बाजूचा प्लॅस्टिकचा कागद ब्लेडने फाडला. आतून औषधाचा उग्र वास आला. चंपा येऊन त्या भोकासमोर उभी राहिली.

"भाऊ, आबांनी बोट लावलंय. मी न्हाई जायची. आन हितनं कुनाला जाऊ बी द्यायची न्हाई."

"आबा गेले, चंपा."

"मंग बोट कुनाचं?"

बावीस बायका बांधावर बसल्या. जेवणाचे डबे उघडले. शेठ आले, तणतणले, गेले. एकही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला दार उघडलं. चोवीस तासांत निम्मा माल फुलून वाया जायला हवा होता. एकही कळी उमलली नव्हती. दोन दिवसांची तोडणी बायकांनी दुपारपर्यंत हाणली आणि गाडी भरून गेली. शेठनी स्वतः दारावर पाटी लावली: चोवीस तास.

एप्रिलमध्ये चंपाचा रिपोर्ट आला. एक्कावन्नशे! चंपाने लोणावळ्याहून दोन किलो चिक्की आणली. पहिला तुकडा खांबापाशी ठेवला, दुसरा माझ्या हातावर. "जिकलो, भाऊ!" बायकांनी असा गलका केला की रस्त्यावरची माणसं थांबली. माझे डोळे भरून आले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

संध्याकाळी घरी शर्ट काढला.

आरशात दिसलं. छातीवर, डावीकडे, एक पांढरं बोट.

हात लावला. ओलं.

सवयीने रुमाल काढला, आणि तसाच परत ठेवला.

सकाळी रक्त तपासायला गेलो, तेव्हाही ते ओलंच होतं.