पुंजाजीचा भोंगा

हिवरखेडच्या शिवारात पुंजाजीचा आवाज कुणाला ठाऊक नव्हता? बैल अडला की शिवी, चहा निवला की शिवी. जमुना लग्न होऊन घरी आली, तेव्हा त्याच्या पहिल्याच ओरडण्याने तिच्या हातची कळशी खाली पडली होती. आणि या बाबाला त्याचं मोठं समाधान वाटलं होतं! आता मात्र तो घसा फाडून ओरडला तरी तिची पापणी हलत नसे. त्याचाच त्याला जास्त संताप यायचा.

यंदा हरभऱ्यात रानडुकरं शिरली. पुंजाजीने अकोल्याहून बॅटरीवरचा भोंगा आणला. दुकानदाराने बजावलं, "भाऊ, आवाज बदलत राहा. एकच आवाज ठेवसान तं जनावराले सवय होते. मंग ते ऐकतच नाही."

"माया आवाजाची सवय?" पुंजाजी भडकला. "कोनाची छाती हाय?"

त्याने स्वतःचाच आवाज भरला. "हेऽऽ! भाग! खबरदार!" भोंगा बांधावरच्या निंबाला टांगला. पहिल्या संध्याकाळी डुकरं शेपट्या वर करून अशी उधळली, की तो पोट धरून हसला. पुढे पुढे ती मान उचलून बघायची आणि मग सावकाश जायची. नंतर नुसता कान हलायचा.

एका संध्याकाळी तो गेला, तर सगळा कळप निंबाखालीच उकरत होता. वर भोंगा बोंबलतोय आणि खाली एक मादी आडवी पडून पिल्लांना पाजतेय.

पुंजाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ओरडत थेट कळपात घुसला. एकानेही मुंडकं वर केलं नाही. त्याने एकाला लाथ घातली. ते जरासं सरकलं, पंगतीत जागा करून द्यावी तसं, आणि पुन्हा खाऊ लागलं.

"थांबा लेकहो!"

त्याने विजेच्या खांबावर आकडा टाकला आणि लाकडी खुंट्यांवरून शेताभोवती ओढलेल्या तारेत करंट सोडला. खात्रीसाठी तारेला एक बल्ब जोडला. तो भक्कन पेटला.

घरी येऊन तो जमुनावर ओरडला, "उद्या तारेले हात लावजो नोको! करंट सोडला हाय! ऐकून राहिली काय?"

ती भाकरी थापत होती. "हो," म्हणाली. सगळ्यालाच ती असंच हो म्हणायची.

सकाळी तो शेतात गेला. अर्धा हरभरा भुईसपाट झाला होता. बल्ब पेटलेलाच होता. तारेला जागोजागी राठ केस चिकटले होते आणि करपट वास सुटला होता. एकही डुक्कर मेलेलं नव्हतं. खुरांचे माग तारेखालून सरळ आत आले होते आणि सरळ बाहेर गेले होते.

त्याने मान वर केली. पलीकडून जमुना येत होती, डोक्यावर न्याहारीची टोपली घेऊन, तारेकडेच.

"जमुना! थांब! करंट हाय!"

निंबावरून भोंगाही ओरडला, "हेऽऽ! भाग!"

तिने बघितलंसुद्धा नाही.

"जमुना वोऽ! तुया पाया पडतो, थांब!"

जन्मात पहिल्यांदा त्याच्या ओरडण्यात राग नव्हता, नुसती भीती होती. पण आवाज तोच होता.

तो धावला. काळ्या ढेकळांत अडखळून पडला.

तिने तार मुठीत धरली.

वर उचलली. वाकून आत आली. बल्ब जळत होता. तिचा हात थरथरलासुद्धा नाही.

पुंजाजी रांगतच तिच्यापर्यंत गेला आणि तिचं मनगट धरलं. तळहातावर आडवा काळा चट्टा उमटला होता, कातडं सोलून निघालं होतं. "जमुना! माये! तुया हात तं पाह्य!" तो हंबरडा फोडून म्हणाला.

ती त्याच्या खांद्यावरून निंबाकडे बघत होती.

"अवो," तिने हाक मारली, "कुठी गेले तुमी? या जेवाले."

"इथीच हाय मी!" तो तिच्या तोंडासमोर ओरडला. कुणी ओ दिलीच नसावी तशी ती खाली बसली आणि त्याने धरलेल्या त्याच हाताने भाकरीवर चटणी वाढू लागली.