कडेच्या दोन तारा

“वहिनींना परवा सांगलीला पोचवायचंय आणि त्या हलायला तयार न्हाईत,” राजाराम म्हणाला. “म्हणतात, ह्यांनी हाक मारलीय.”

साताऱ्यातले खाजगी तपासनीस दादासो माने यांनी चष्मा काढला. त्यांचा सोबती बिराप्पा चहा ओतता ओतता थांबला.

राजारामचा थोरला भाऊ जालिंदर एकाहत्तरच्या लढाईत गेला. तार आली, देह आला नाही. शिलाँगला पलटणीत असताना त्याने घेतलेली गिटार लोणंदच्या घरी खुंटीवर होती. आता दोन वर्षांनी त्याच्या बायकोला, शालूला, सांगलीच्या विश्रामबागेत शिक्षिकेच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. आणि तेव्हापासून रोज पहाटे खोलीत कुणी नसताना गिटार गुणगुणू लागली.

“मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. सूर लावून ठेवला, की सकाळी पहिली न् सहावी तार उतरलेली. जालिंदरदादा सुट्टीवर आला की तशीच लावायचा.”

“हे घरात कुणाला बोललात?”

“सूर उतरतो एवढंच. कुठल्या तारा, ते फक्त वहिनींना ठावं.”

दुपारी तिघे लोणंदला पोचले. दादासोंनी तारा छेडल्या. मधल्या चार बिनचूक. कडेच्या दोन चौथ्या तारेच्या सुराला मिळालेल्या.

“हवेनं सैल झाल्या असतील,” बिराप्पा म्हणाला.

“हवा निवडून तारा सैल करते होय रं?”

शालू दाराशी उभी होती. “तार आल्यापास्नं मी हात लावला न्हाई गिटारीला. पहाटे आत्याबाई पलीकडं देवघरात भजनाला बसतात. तवाच वाजती.”

आत्याबाई म्हणजे तिच्या सासू भामाबाई, देवघरात फुलवाती वळत होत्या; दादासोंनी त्यांनाही विचारले. “मला काय कळतंय त्यातलं? कडंच्या दोन तारांत कसलं वारं शिरतं, देवाला ठावं.”

दादासो हसले. बिराप्पाला कारण कळले नाही.

पहाटे दादासोंनी प्रत्येक तारेवर कागदाचा घडी घातलेला कपटा ठेवला. देवघरात भजन सुरू झाले. भामाबाईंनी लांब सूर धरला, तशी गिटार गुणगुणली. पहिल्या, चौथ्या न् सहाव्या तारेवरचे कपटे थरथरून पडले. बाकीचे जागचे हलले नाहीत.

“सारख्या सुराची तार न छेडता बोलते,” दादासो म्हणाले. “चौथी मुळात भामाबाईंच्या सुरात आहे, पण एकटी म्हणून ऐकू येत नव्हती. कडेच्या दोन तिच्याशी कुणी मिळवल्या? त्या कुठल्या, हे राजारामांनी भामाबाईंना सांगितलं नव्हतं. तरी त्या ‘कडंच्या दोन’ म्हणाल्या.”

भामाबाई उंबऱ्यात आल्या होत्या.

“जालू माझ्यासमोर उतरवायचा. म्हणायचा, आये, आता ही तुझ्या भजनाला व्हय म्हणती.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “शालू जाणार म्हटल्यावर घर मुकं वाटाया लागलं, म्हणून रातच्याला मीच उतरवाया लागले. मग तिला ती जालूची खूण वाटली, न् ती ऱ्हायली. म्हणून मी गप बसले. चुकलं माझं.”

“म्हंजी... ते आलं न्हाईत,” शालू म्हणाली.

“न्हाई गं, बाई.”

शालू खाली बसली आणि हमसून हमसून रडली. तार आली त्या दिवशीही ती रडली नव्हती. भामाबाई तिच्या पाठीवर हात फिरवीत राहिल्या.

ऊन अंगणात आले, तसा राजाराम तारा चढवायला पुढे झाला.

“राहू द्या, भावजी.” शालूने गिटार त्याच्या हातून घेतली, पदराने पुसली आणि देवघराच्या भिंतीला टेकवून ठेवली. “इथनं नीट वाजंल, आत्याबाई. भजनात खंड पाडू नका.”

मग ती ट्रंक भरायला आत गेली.