मंगळावरून आलेलं उत्तर

कस्तुरीनं उंट सरकवला आणि पापणी लवायच्या आत तुहिनचं उत्तर पडद्यावर उमटलं. त्यानंही उंटच काढला होता.

"आत्या, हा फसवतोय!" कस्तुरी ओरडली.

ग्रहांदरम्यानच्या बालबुद्धिबळ स्पर्धेचा हा अंतिम सामना. कस्तुरी सांगलीतल्या घरून खेळत होती, तुहिन मंगळावरच्या वसाहतीतून. त्या दिवसांत मंगळ इतका दूर होता, की प्रकाशालाही तिथं पोचायला दहा मिनिटं लागत. म्हणजे चाल जायला दहा, उत्तर यायला दहा. पहिल्या दोन चालींना तेवढाच वेळ लागला होता. मग तिसरीला का नाही?

सुलभाआत्या अंतराळ-संदेशांचंच काम करायची. कस्तुरीनं विचारलं, "त्याचा संदेश प्रकाशापेक्षा वेगानं आला?"

"छे गं! प्रकाशाच्या पुढं कुणालाच पळता येत नाही. तू आधी प्यादं काढलंस, मग घोडा, मग उंट. काय म्हणतात याला?"

"इटालियन ओपनिंग (डाव सुरू करायची एक पद्धत). मी नेहमी तीच खेळते."

"मग तुझे जुने डाव पाहिलेल्याला तुझी पुढची चाल ओळखता येणार नाही?"

कस्तुरी पडद्यावरच्या चाली पुन्हा पाहू लागली. आत्यानं सांगितलं,

"ही सशर्त चाल (तू अमुक खेळलीस तर मी तमुक खेळेन, असं आधीच कळवणं). नियमात बसते. त्यानं मागच्या चालीबरोबरच ती इथल्या, पृथ्वीवरच्या पंच-संगणकाकडे पाठवून ठेवली. तू उंट हलवलास, संगणकानं ती उघडली."

"आणि मी वेगळं खेळले असते तर?"

"तर ती बंदच राहिली असती."

कस्तुरीनं विचार केला आणि कधी नव्हे ते, त्याच्या उंटाच्या तोंडी एक प्यादं दिलं. पडदा शांत. वीस मिनिटांनी उत्तर आलं, सोबत निरोपही : "हे मला सुचलंच नव्हतं! इथं माझ्या वयाचं कुणी नाही. आजी पृथ्वीवर. ती काय विचारेल, याचा अंदाज बांधून मी आधीच सांगून टाकतो. तीच सवय लागलीय."

डाव संध्याकाळपर्यंत रंगला. शेवटी तुहिननं मात दिली. कस्तुरीचे डोळे भरून आले. तरी तिनं निरोप पाठवला, "अभिनंदन! वाईट वाटलं का, असं विचारशील. वाटलं. पुन्हा खेळशील ना?"

पाचच मिनिटांत पडदा उजळला.

"तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगतो," तुहिननं लिहिलं होतं, "हो, खेळेन. उद्याच!"

कस्तुरीचा निरोप तेव्हा अजून अर्ध्या वाटेतच होता.