चोवीस कोऱ्या टेपा

चोविसावी टेपही कोरी निघाली.

पाणीखात्याचा जुना संगणक सोमवारी कायमचा बसला होता. जमिनीखालचा कुठला नळ कुठे वळतो, झडप कुठे आहे, सगळं त्यातच. कागदी नकाशे केव्हाच रद्दीत गेले होते. उरल्या होत्या टेपांवरच्या प्रती. त्या कोणीतरी पुसल्या असा संशय होता आणि कपाटाची किल्ली ऑपरेटरकडे होती. संध्याकाळच्या अहवालावर त्याची नोकरी अवलंबून होती.

चौकशीला आलेल्या बाईंनी त्याला समोर बसवलं.

"कपाट शेवटचं कधी उघडलंत?"

"शनिवारी. सरांनी प्रत काढून दिली, मी तारखेची चिठ्ठी डकवून ठेवून दिली."

"प्रत काढताना तुम्ही होतात?"

"छे! चार वर्षांपूर्वी या टेपा नव्या आल्या, तेव्हापासून ते काम सर एकटेच करतात. मला म्हणतात, घरी जा, बायको वाट बघत असेल." तो कसनुसा हसला. "बाई, मी कधी कॅसेटवरचं गाणंसुद्धा पुसलं नाही हो."

बाईंनी एका टेपचं टोक ओढून खिडकीशी धरलं. मग दुसरीचं, अशी एकेक करून चोवीसही टोकं पाहिली. मग हजेरीची टेप मागवली, जी ऑपरेटर स्वतः दर आठवड्याला लावायचा. तिचंही टोक निरखलं आणि त्या संगणक विभागाचे प्रमुख असलेल्या सरांच्या खोलीत गेल्या. वीस वर्षांपूर्वी हे काम त्यांना सरांनीच शिकवलं होतं.

"ये पोरी. कबूल केलं का त्यानं?"

"सर, टेपा पुसलेल्याच नाहीत."

"म्हणजे?"

"प्रत्येकीवर आठ चिठ्ठ्या आहेत, एकीवर एक. म्हणजे ती आठदा यंत्रावर चढायला हवी. चढवली की टोकाला ओरखडे पडतात; हजेरीच्या टेपला आहेत. या चोवीसांवर आता तपासायला चढवल्याचा तेवढा ताजा ओरखडा आहे, बाकी करकरीत. लोहचुंबक फिरवून पुसल्या असत्या, तरी आधीचे ओरखडे राहिलेच असते. यांवर कधी काही लिहिलंच गेलं नाही. आणि लिहायला तुम्ही एकटेच बसत होतात."

सरांनी चष्मा काढला.

"प्रतीसाठी संगणक चार तास अडवावा लागायचा. मुख्य इंजिनियरांनी सगळ्यांसमोर झापलं मला. म्हटलं, या शनिवारी राहू दे. मग राहतच गेलं. नवा संगणक येणार, येणार म्हणत होते ना वरचे!"

"ते मी समजून घेतलं असतं. पण टेपा त्यानंच पुसल्या असतील, किल्ली त्याच्याकडे असते, हे लेखी कोणी दिलं?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "चौकशीला तुझं नाव मीच सुचवलं होतं. वाटलं, तू तरी..."

"तेही कळलं, सर."

बाहेर येऊन त्यांनी ऑपरेटरला सांगितलं, "तुम्ही सुटलात."

तो खुर्चीवरून ताडकन उठला. डोळे भरले होते. "थांबा, आधी सरांना सांगून येतो. माझ्या काळजीनं दोन दिवस जेवले नाहीत ते."

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बसा आधी," त्या म्हणाल्या.