सनाला येणारं पाणी

पार्श्वभूमी

जूचंद्र गावच्या खाडीबांधावर ज्ञानदाची चप्पल चिखलात रुतली. ती ओढायला वाकली, तेवढ्यात वरून आवाज आला…

"चप्पल गेली तर गेली. पाय काढ आधी. भरती लागलीय!"

तिनं मान वर केली. हाफ पँट, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर कुदळ… भूपेश? एमबीएच्या वर्गात शेवटच्या बाकावर कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसणारा, कुणाशी फारसं न बोलणारा भूपेश?

"तू इथे काय करतोयस?"

"राहतो."

"तू तर नायगावला राहतो म्हणायचास!"

"आणि तू? तुमच्या बिल्डिंगच्या पाटीवर तरी कुठे जूचंद्र लिहिलंय? नायगावच!"

तो हसला, हात पुढे केला. तिनं तो धरला — आणि चप्पल निघाली की नाही, हे बघायचं दोघांनाही सुचलं नाही.

झालं होतं असं. वसईच्या त्यांच्या मॅनेजमेंट कॉलेजात एलिना मॅडमनी दुसऱ्या वर्षाला फर्मान काढलं होतं : "या वेळी कंपनी नको. घराजवळचा एक प्रश्न घ्या आणि सोडवा. मार्क मी देणार नाही. ज्यांचा प्रश्न आहे, ते देतील."

ज्ञानदानं चौथ्या मजल्यावरच्या आपल्या बाल्कनीतून दिसणारा प्रश्न उचलला. खाडीचं खारं पाणी जुन्या गावात शिरायचं, भाताची जमीन नासवायचं. बांधात उघाडी होती. उघाडी म्हणजे एकाच बाजूनं उघडणारं दार. ते पावसाचं पाणी बाहेर सोडतं, भरतीला आत घेत नाही. पण दारात प्लास्टिक अडकायचं आणि ते मिटायचंच नाही. प्लास्टिक गावचं होतं, आणि ज्ञानदाच्या बिल्डिंगच्या गटारातलंही.

"उघाडी तुझ्यासारखीच आहे," भूपेश म्हणाला. "बाहेर धो धो. आत कुणाला प्रवेश नाही."

"मग तू प्लास्टिक हो. बस अडकून."

"परवानगी समजू?"

"प्रोजेक्टमध्ये घेतलंय. तेवढंच!"

भागधारक

खाडीच्या अगदी कडेला भूपेशच्या शकू आत्याचं घर. आत्या ओट्यावर वाल सोलत बसली होती. भूपेश चहा आणायला आत गेला, तेव्हा ज्ञानदानं विचारलं, "आत्या, पाणी घरात कधी शिरतं?"

"पानी? सनाला येतं," आत्या म्हणाली.

ज्ञानदानं मोबाईलवर टिपलं : सनाला. म्हणजे सालाला. वर्षातून एकदा.

त्यावर तिनं अख्खी योजना उभी केली. भूपेशनं फक्त खर्चाची बाजू पाहिली; पाणी कधी येतं हे तिनं आत्यालाच विचारलंय, म्हणून ते तपासलं नाही. रोज संध्याकाळी नायगाव स्टेशनबाहेर दोन कटिंग, एक वडापाव अर्धा-अर्धा… मोठा अर्धा नेहमी तिच्याकडे यायचा. असाच एकदा तो तिच्याकडे बघत, जरा अडखळत म्हणाला, "खरं सांगू? तू… म्हणजे तुझी योजना… माझ्या मणाला पटलीय."

"मणाला?" ज्ञानदा खळखळून हसली. "किती किलोचं आहे रे मन तुझं?"

त्याचे कान लालबुंद झाले. पुढचे काही दिवस नुसतं "हो" आणि "नाही".

शेवटी आत्याच बोलली. "पयल्या वर्साला कॉलेजान कोनतरी हसला त्याच्या 'पानी'ला. तवापासून पोर दिसंल तिथं ण ठोकत फिरतं."

ज्ञानदाचा चेहरा उतरला. म्हणजे हसणाऱ्यांत आपणही जमा झालो? तिनं "सॉरी" लिहून पाठवलं. पलीकडून फक्त एक अंगठा आला. अंगठा! त्यापेक्षा शिवी परवडली असती.

चूक

देवळासमोरचा मंडप भरला होता. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला बिल्डिंगवाले, मागे सगळा वर्ग आणि एलिना मॅडम. गाव "नाही" म्हणालं, तर योजना गेली… आणि येत्या होळीलाही उघाडी तुंबलेलीच.

"पाणी वर्षातून एकदा शिरतं," ज्ञानदानं सुरुवात केली, "म्हणून उघाडी दर मे महिन्यात साफ करायची—"

"आनी बाकीच्या टायमाला आमी पोहायचं का?" गावच्या बाजूनं श्रीपतमामांनी विचारलं. मंडपात खसखस पिकली.

आत्या उठली. "मी तुला काय सांगितलेलं? सनाला!"

"हो आत्या, सनाला… म्हणजे सालाला ना?"

आता तर हशाच फुटला. ज्ञानदा मोबाईलवरची टीप पुन्हा पाहू लागली. आणि मागच्या रांगेतून कडक इस्त्रीचा शर्ट उभा राहिला. भूपेशनं वर्गाकडे एकदा पाहिलं, आणि…

"सन म्हंजे सण. दिवाली, नारली पुनव, कोजागिरी, होली… आमचे मोठे सन पुनवेला नाय तं अवसेला. तवाच खाडीला उधान येतं. तवाच पानी घरान येतं." मग वर्गाकडे वळून तो म्हणाला, "हो. पानी. आमच्या घरी पानीच म्हणतात."

कुणी हसलं नाही.

"आमच्याही घरी पानीच, भूपेश," एलिना मॅडम म्हणाल्या. "चालू दे."

ज्ञानदाचा ऊर असा भरून आला, जणू तिचाच कुणी मैदान मारून आला होता. तिनं पडद्यावरची योजना सगळ्यांसमोर पुसली.

"माझं चुकलं. नव्यानं मांडू, इथेच. प्रत्येक उधाणाच्या आदल्या दिवशी उघाडी साफ. एक माणूस गावचा, एक बिल्डिंगचा."

"पण आम्हाला अमावास्या कुठे कळते?" तिच्या सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रकाका कुरकुरले.

"आमी कलवू," श्रीपतमामा म्हणाले. "तुमी गटाराला जाली बसवा."

जितेंद्रकाकांनी शेजारपाजारच्यांकडे पाहिलं. माना हलल्या. "बसवली समजा!"

"आणि मार्क?" ज्ञानदानं भीत भीत विचारलं.

"होली झाल्यावर," आत्या म्हणाली. "पानी नाय आला तं."

निकाल

होळीच्या आदल्या दिवशी पाळी कुणाची, हे आत्यानंच ठरवलं. गावातून भूपेश, बिल्डिंगमधून ज्ञानदा. आत्या असल्या बाबतीत नशिबावर हवाला ठेवत नाही.

होळीच्या दुपारी सगळं गाव बांधावर. खाडी फुगली, चढली, दारावर धडकली. दार गच्च मिटलं. त्या बाजूला उधाण, या बाजूला वालाची हिरवी रोपं वाऱ्यावर डुलत होती. आत्याच्या अंगणातल्या रांगोळीची एक रेघ पुसली नव्हती.

"धा!" आत्या ओरडली. "धापैकी धा! पन एकट्या पोरीला नाय. गावाला पन, बिल्डिंगला पन!"

माणसं नाचत परतली. उरली दोघं. भूपेशचा हात कधी हातात आला, ज्ञानदाला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं सोडला नाही.

"प्रोजेक्ट संपला," तो हळूच म्हणाला. "आता मी कशात अडकू?"

उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. बाबा! तिनं वर पाहिलं, चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत बाबा चष्मा सावरत उभे.

"ज्ञानदा, पाणी अडलं ते पाहिलं. शाब्बास! पण… तुझ्या शेजारी हात धरून उभा आहे, तो कोण?"

भूपेश हात सोडवू लागला. तिनं आणखी घट्ट धरला. वर्गातला. गावातला. आत्याचा भाचा. तीन उत्तरं ओठांवर तयार होती.

"आपला आहे, बाबा."

"आपला… म्हणजे?"

"वर घेऊन येते. आईला सांगा, पुरणपोळ्या वाढव."

भूपेश स्वतःच्या चिखलानं माखलेल्या पायांकडे बघत राहिला. "अशा पायांनी?"

"अशाच!" ज्ञानदा म्हणाली, आणि त्याला घेऊन ताठ मानेनं बिल्डिंगकडे निघाली.